पुस्तकाबरहुकूम ठकीची गाडी

ठकीला मोटारसायकल शिकवण्याचा ठराव घरात एकमतानं मंजूर झाला. एकमत म्हणजे ठकी, तिची आई आणि तिचा मामा यांचं. ठकीचे बाबा त्या वेळी आंघोळीला गेले होते. डोकं पुसत बाहेर आल्यावर त्यांना ठराव ऐकवण्यात आला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि शिकवणार कोण, एवढंच विचारलं. मामानं छाती पुढे काढली. बाबांनी नकारार्थी मान हलवली आणि शिकवणार आपण, असं जाहीर केलं. बाबांना साधी सायकलसुद्धा येत नव्हती.

गाडी शिकण्याचं कारण मात्र खरोखरच गंभीर होतं. ठकीला अठरावं सरून एकोणिसावं लागलं होतं आणि नदीपलीकडच्या जनावरांच्या दवाखान्यात उमेदवार मदतनीस म्हणून तिची निवड झाली होती. या मुलीला लहानपणापासून दुसरं काही सुचलेलंच नव्हतं. गल्लीतल्या कुत्र्याच्या पायात काच शिरली की ही शाळा बुडवून चिमटा घेऊन बसायची. दवाखान्याच्या पत्रात दोनच अटी होत्या. उमेदवारानं एक तारखेला सकाळी सहाच्या ठोक्याला हजर व्हावं, आणि त्याच्याकडे दुचाकीचा पक्का परवाना असावा, कारण दिवसभर गोठ्यागोठ्यांतून फिरायचं होतं. पहिली बस पावणेआठची. यादीत ठकीच्या खाली आणखी एक नाव होतं, आणि ठकी वेळेवर पोचली नाही तर जागा त्या नावाला जाईल, असंही पत्राच्या तळाशी स्वच्छ लिहिलं होतं. हातात दोन महिने होते.

आता बाबांविषयी. ते सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापायला आलेल्या मजकुरातल्या चुका हुडकायच्या, हे काम ते बावीस वर्षं करत होते, आणि या बावीस वर्षांत ‘वाहनचालकांसाठी नियमपुस्तिका’ या ग्रंथाच्या अकरा आवृत्त्या त्यांच्या टेबलावरून गेल्या होत्या. सबंध शहरात ते पुस्तक वाचलेला माणूस एकच होता. ज्यांनी ते लिहिलं त्यांनी समितीत बसून लिहिलं होतं, त्यामुळे त्यांच्यावर वाचण्याची वेळ आली नव्हती. बोलताबोलता कलमांचा आकडा सांगायची सवय लागल्यामुळे छापखान्यात बाबांना सगळे कलमराव म्हणत. स्वतःला गाडी येत नाही म्हणून आपल्या योग्यतेला बाध येतो, असं कलमरावांना वाटलं नाही. आणि ज्या शहरात पोहता न येणारे गृहस्थ तरणतलाव समितीचे अध्यक्ष होते, तिथं तसं वाटायचं काही कारणही नव्हतं.

खालच्या मजल्यावर ठकीच्या आईचं इस्त्रीचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या कपड्यांच्या सुरकुत्या काढून तिला जगाची चांगली समज आलेली होती. तिनं नवऱ्याला समजावून पाहिलं. लायसन्सच्या ऑफिससमोर झाडाखाली एजंट लोक बसलेले असतात, त्यांच्याकडे फोटो द्यायचा, दोन ठिकाणी सह्या करायच्या, आठ दिवसांत लायसन्स घरपोच. तिच्या भावाचं तसंच आलं होतं आणि तिचं स्वतःचंही.

“पण तुला गाडी कुठे येते?” कलमरावांनी विचारलं.

“अहो, येत नाही म्हणूनच तसं आणलं ना.”

 कलमरावांचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही. त्यांना भीती वाटत होती. रोज छापखान्यात जाताना ते रस्ता कसा चालतो ते बघत होते, आणि त्या रस्त्यावर आपली एकुलती एक पोर दोन चाकांवर बसून जाणार होती. पुस्तकातला शब्द न् शब्द पाळला की पोरीला काही होणार नाही, एवढाच त्यांना धीर होता. दुसरं काही त्यांना येतच नव्हतं.

गाडी मामाची होती. मामा घरोघर जाऊन पाणी गाळायची यंत्रं विकायचा, आणि मोठी गाडी घेतल्यापासून त्याची पन्नास सीसीची जुनी लहान गाडी जिन्याखाली पडून होती. गाडी चालवण्याविषयीचं मामाचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावायचं: बस, किक मार, पीळ दे आणि समोरचा बाजूला होतो. कलमरावांनी ते वाक्य ऐकून घेतलं आणि पुस्तकाचं पहिलं प्रकरण उघडलं. प्रकरणाचं नाव होतं, ‘वाहनाजवळ जाण्यापूर्वी’.

या प्रकरणाला नऊ दिवस लागले. टायरमधली हवा, ब्रेकची पकड, पुढचा दिवा, मागचा दिवा, सगळं तपासून ठकी वहीत खूण करायची. पाचव्या दिवशी असं आढळून आलं की गाडीला आरसेच नाहीत. मामाला विचारलं तर तो म्हणाला, “दाजी, मागे बघायचं काय काम? मागचे बघतात की आपल्याला.” मग आरसे आणायला बापलेक दुकानात गेले. दुकानदारानं पहिल्यांदा एकच आरसा काढला. दोन पाहिजेत म्हटल्यावर त्यानं विचारलं की दुसरी गाडी कुणाची.

छापखान्याच्या मागे रद्दीचे गठ्ठे ठेवायचं मोठं मैदान होतं. तिथं दुसरं प्रकरण सुरू झालं. ठकी गाडीवर, कलमराव शेजारून चालत, हातात पुस्तक धरून मोठ्यानं वाचतायत, अशी ती शिकवणी असे. ठकी पोरगी चलाख. वाक्य पुरं व्हायच्या आत तिला क्लच कळायचा. पण वाक्य पुरं झाल्याशिवाय पुढची कृती करायची नाही, असा दंडक असल्यामुळे ती बिचारी गाडी घुरघुरत ठेवून पूर्णविरामाची वाट बघायची. ब्रेकच्या प्रकरणाच्या दिवशी गाडी जरा पुढे गेली. कलमराव मागून धावत उरलेला परिच्छेद ओरडून वाचू लागले. ठकी कुंपणात घुसली तेव्हा ते ‘दोन्ही ब्रेक हळुवारपणे व एकाच वेळी’ इथपर्यंत आले होते.

ठकीचं कोपर सोलवटलं. तिनं स्वतःच त्यावर पाणी ओतलं, औषध लावलं आणि चला म्हणाली. कलमरावांनी मात्र पुस्तक मिटलं. त्या दिवशी शिकवणी तिथंच थांबली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मजकूर आदल्या संध्याकाळीच ठकीकडून पाठ करून घ्यायला सुरुवात केली आणि मैदानात तोंडातून शब्द न काढता नुसते उभे राहू लागले. त्यानंतर ठकी भराभर शिकली.

दीड महिन्यात ती अशी तयार झाली की बघत राहावं. वळायच्या आधी दिवा लावायची, आरशात बघायची, मान वळवून बघायची आणि वर हातानं इशाराही करायची. हाताच्या इशाऱ्याचा थोडा घोळ झाला. ती गल्लीतून वळताना उजवा हात बाहेर काढायची आणि समोरच्या गच्चीतल्या बाई उलटा हात हलवून, कशी आहेस गं, असं विचारायच्या. पुढे पुढे त्या बाईंचा असा समज झाला की कलमरावांची मुलगी फार प्रेमळ आहे, पण थांबून बोलत नाही.

आता पक्का परवाना. परवाना कार्यालयात नऊ खिडक्या होत्या आणि बाहेर एक झाड. खरं काम झाडाखाली चालायचं. खिडक्या झाडाखालून आलेल्या कागदांवर शिक्के मारायच्या. सकाळी दहाला कलमराव आणि ठकी झाडाकडे न बघता सरळ पहिल्या खिडकीशी गेले, तेव्हा झाडाखालचे चारपाच जण उठून उभे राहिले.

“एजंट कोण?” खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

“कुणी नाही. आम्हीच आलोय.”

बाईंनी चष्मा कपाळावर चढवून दोघांना नीट न्याहाळलं. “घरी सगळं ठीक आहे ना?”

पहिल्या तीन खिडक्या पार पडल्या. चौथी अडली. चौथ्या खिडकीचं काम अर्जातल्या चुका दुरुस्त करून त्यावर ‘दुरुस्त केले’ असा शिक्का मारण्याचं होतं, आणि तो शिक्का असल्याशिवाय पाचवी खिडकी कागद हातात घेत नसे. अर्ज कलमरावांनी भरला होता. त्यात चूक कुठून असणार? खिडकीतल्या माणसानं अर्ज दोनदा वाचला, शेजारच्याला वाचायला दिला आणि हताश होऊन परत केला. चूकच नाही तर दुरुस्ती कशाची करायची, आणि दुरुस्ती नाही तर शिक्का कशावर मारायचा, हे त्याचं म्हणणं बिनतोड होतं. यावर उपाय एकच होता आणि तोही त्यानंच सुचवला. कलमराव भिंतीकडे तोंड करून पाच मिनिटं उभे राहिले. मग त्यांनी पेन काढलं आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या हातानं एक चूक केली. ठकीच्या उंचीच्या रकान्यात त्यांनी वजन लिहिलं. खिडकीतल्या माणसानं ते आनंदानं खोडलं, उंची लिहिली आणि शिक्का मारला.

चाचणी आवारात मागच्या बाजूला होती. निरीक्षकसाहेब खुर्ची टाकून बसले होते. उमेदवारानं गाडीवर बसायचं, साहेबांनी वर बघायचं, उमेदवारानं उतरायचं, अशी चाचणीची पद्धत होती. ठकी बसली. साहेबांनी वर बघितलं आणि उतर म्हणाले. ठकी उतरली नाही.

“सर, आठ काढायचाय.”

“कसला आठ?”

परिशिष्ट दोन, आकृती तीन, असं कलमराव अदबीनं म्हणाले आणि त्यांनी साहेबांच्या मोटारीकडे बोट दाखवलं. मोटारीखालून दोन्ही बाजूंना पिवळ्या रंगाचा भला मोठा आठचा आकडा बाहेर डोकावत होता. साहेब या कार्यालयात येऊन सहा वर्षं झाली होती आणि सहा वर्षं ते त्या रेघा आपल्या मोटारीच्या जागेची खूण समजून बरोबर त्यावर मोटार लावत आले होते. मोटार हलवायची तर ड्रायव्हर जेवायला गेलेला. दीड तासानं तो आला आणि आपल्याकडे साहेबांना घेऊन जाण्याचा हुकूम आहे, नुसती मोटार नेण्याचा नाही, असं म्हणाला. शेवटी साहेब मोटारीत बसले, मोटार वीस पावलं पुढे गेली, आणि साहेब पुन्हा उतरले.

तोवर बातमी पसरली होती. नऊ खिडक्या रिकाम्या झाल्या, झाड रिकामं झालं आणि सगळे आवारात गोळा झाले. ठकीनं आरसे नीट केले, मान वळवून मागे बघितलं, दिवा लावला आणि गाडी सोडली. आठच्या पहिल्या वळणाला कुणीतरी, पडणार, असं म्हणालं.  एकदाही पाय न टेकता तिनं आठ पुरा केला आणि पांढऱ्या रेघेशी येऊन गाडी बंद केली. झाडाखालचा एक जुना जाणता एजंट शेजाऱ्याला म्हणाला की हे खरंच करता येतं असं त्याला वाटलं नव्हतं.

 साहेबांनी कागदावर सही केली आणि जाताना कलमरावांना बाजूला घेऊन, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, “हे पुस्तक मिळतं कुठे हो?”

परवाना हातात पडला तेव्हा एक तारखेला चार दिवस उरले होते. चारही दिवस ठकी दवाखान्यात घालायचे कपडे दुकानात नेऊन स्वतःच्या हातानं इस्त्री करत होती. एकदा केलेले पुन्हा करत होती.

एक तारखेला सव्वापाचला ती निघाली. अकरा किलोमीटर अंतर, म्हणजे वेळ भरपूर. सोबत म्हणून मागून मामाची मोठी गाडी आणि तिच्यावर मागे कलमराव, काखेत पुस्तक. पुलाच्या अलीकडे मोठा चौक होता. पहिल्या पाळीच्या कामगारांच्या गाड्या, दुधाच्या गाड्या, सगळं तिथूनच जायचं. चौकातला दिवा लाल होता. ठकी पांढऱ्या रेघेच्या आत, पाय टेकून, शिस्तीत थांबली. मामा तिला डावीकडून मागे टाकून चौक ओलांडून पलीकडे गेला आणि पुलाच्या तोंडाशी पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की भाची मागे राहिली.

“अरे, लाल होता!” कलमराव मागच्या सीटवरून उतरत म्हणाले.

“असतोच तो लाल,” मामा म्हणाला. “दाजी, तो दिवा असाच असतो.”

“केव्हापासून?”

“ते मला काय माहीत? मी कधी थांबलोय बघायला?”

कलमराव चौकातून जीव मुठीत धरून परत आले. ठकी होती तिथंच होती आणि तिच्यामागे वाहनांची रांग लागली होती. रांग म्हणजे आपली नेहमीची. ज्याला जिथून फट सापडेल तिथून तो पुढे निसटत होता. सगळे हॉर्न वाजवत होते. एक तरुण फुटपाथवर गाडी चढवून गेला आणि जाताजाता, रस्ता तुझ्या बापाचा आहे का, असं विचारून गेला. तिचा बाप शेजारीच उभा होता, पण त्याला कुणी विचारलं नाही.

साडेपाच झाले. दिवा लाल. कोपऱ्यातल्या चौकीतून हवालदार बाहेर आला. चौकात इतकी गर्दी का तुंबली ते बघायला तो आला होता, आणि तुंबण्याचं कारण कुणीतरी थांबलंय हे आहे, यावर त्याचा विश्वास बसेना. कलमरावांनी त्याला सिग्नल बिघडल्याचं सांगितलं. हवालदार म्हणाला की बिघडला असता तर तक्रार आली असती. तक्रार आत्ता करतो म्हटलं तर कार्यालय साडेदहाला उघडतं. मग तुम्हीच हातानं खूण करून हिला पुढे जाऊ द्या, अशी कलमरावांनी विनंती केली.

“दिवा चालू असताना हातानं खूण करायची मला परवानगी नाही,” हवालदार म्हणाला. “पुस्तकात आहे तसं.”

तसं होतंच. कलम एकतीस. कलमरावांनी अकरा वेळा तपासलेलं.

सहाला अठरा मिनिटं उरली आणि अजून सात किलोमीटर. ठकीनं मान वळवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. दोन महिन्यांत, कुंपणात पडली तेव्हासुद्धा, तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं त्यांनी बघितलं नव्हतं.

“बाबा, मी काय करू?”

कलमरावांनी दिव्याकडे बघितलं. हातातल्या पुस्तकाकडे बघितलं. बावीस वर्षं ज्या कागदाला त्यांनी जीव लावला होता तो कागद एका बाजूला आणि पोरगी दुसऱ्या बाजूला. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि तरीही ते बोलले.

“निघ, बाळा.”

“लाल आहे.”

“दिसतंय मला. तू निघ.”

ठकी निघाली. हवालदारानं शिट्टी फुंकली. आता शिट्टी ऐकल्यावर काय करायचं, हे कलम तेहेतीसमध्ये आहे. ठकीनं डावा दिवा लावला, आरशात बघितलं, रस्त्याच्या कडेला गाडी घेतली आणि थांबली. हवालदार धावत आला. धावायची सवय नसल्यामुळे त्याला धाप लागली होती.

“थांबलीस का गं?”

“तुम्ही शिट्टी वाजवलीत.”

“ती तर मी दिवसभर वाजवतो,” हवालदार म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, थोडा गहिवरच होता. मग त्याला आपल्या कर्तव्याची आठवण झाली आणि त्यानं खिशातून कोरं पावतीपुस्तक काढलं. त्या सकाळी चारेकशे वाहनं तो लाल दिवा मोडून गेली होती, पण पावती करायची तर गाडी थांबलेली असावी लागते. जो थांबत नाही त्याचं नाव कसं लिहिणार? त्यानं ठकीचं नाव लिहिलं. परवाना मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत सिग्नल मोडल्यास परवाना जागच्या जागी जप्त, तीन महिने निलंबित. नवव्या आवृत्तीत हे कलम अक्षरजुळणीत गळलं होतं. कलमरावांनीच मूळ प्रत धुंडाळून ते पुन्हा आत घातलं होतं, आणि त्याबद्दल छापखान्याच्या व्यवस्थापकांनी त्यांची पाठ थोपटली होती.

मामानं ठकीला स्वतःच्या मागे बसवून, वाटेतले उरलेले दोन सिग्नल मोडून, सहा वाजून दहा मिनिटांनी दवाखान्यात पोचवलं. यादीतला दुसरा उमेदवार पाच पन्नासलाच हजर झाला होता. तो त्याहीपेक्षा लवकर आला असता, पण पुलाअलीकडच्या चौकात कुणी मुलगी रस्त्यात गाडी उभी करून बसली होती म्हणून आपल्याला फुटपाथवरून यावं लागलं, असं त्यानं सांगितलं. दवाखान्याच्या डॉक्टरबाई चांगल्या होत्या. त्यांनी ठकीचं सगळं ऐकून घेतलं. सिग्नल बिघडलेला होता असा कागद आण, परवाना सोडवून घे, मग तुझी जागा तुझी, असं त्या म्हणाल्या. महिनाअखेरपर्यंत त्या थांबायला तयार होत्या.

ठकी घरी येऊन रडली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. त्याच दिवशी साडेदहाला कलमराव सिग्नल विभागाच्या दारात उभे होते. अर्ज त्यांनी तीन प्रतींत केला आणि आठवणीनं त्यात एक चूकही घातली, म्हणजे कुठे अडायला नको. बारा दिवसांनी उत्तर आलं. ते असं होतं:

‘आपल्या अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, सदर सिग्नल नादुरुस्त असल्याबाबत आजवर एकही तक्रार प्राप्त नाही. सिग्नल सतत लाल राहतो ही बाब केवळ तेथे थांबलेल्या वाहनचालकासच ज्ञात होऊ शकते. कार्यालयीन नोंदीनुसार सदर सिग्नलपाशी आजवर एकच वाहनचालक थांबलेला असून, त्यानेही तो मोडल्याचे पोलीस दप्तरी नमूद आहे. सबब त्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. आपण स्वतः वाहनचालक नसल्याने आपलीही साक्ष ग्राह्य नाही. तरी सदर सिग्नलपाशी थांबलेल्या व तो न मोडलेल्या कोणत्याही एका वाहनचालकाची सही सादर केल्यास प्रकरणाचा सहानुभूतिपूर्वक विचार करण्यात येईल.’

कलमरावांनी ते पत्र सवयीनं दोनदा तपासलं. त्यात चूक एकही नव्हती.

तेव्हापासून ते रोज सकाळी पाचला उठून त्या चौकात जातात. पांढऱ्या रेघेशी उभे राहतात, एका हातात कागद, दुसऱ्या हातात पेन. सही एकच पाहिजे, कुणाचीही चालते, करायला अर्धं मिनिट लागतं. गाडी आली की ते हात वर करतात. पहिल्या आठवड्यात लोक त्यांना वर्गणी मागणारे समजत. आता ओळखीचे झाल्यामुळे काही जण जाताजाता हातही हलवतात. एकदा एकानं वेग कमी केला, पण त्याला फक्त पुलाचा रस्ता विचारायचा होता आणि तो चालत्या गाडीवरूनच विचारून गेला. ठकी घरी कॅलेंडरवर खुणा करत बसलेली असते. महिना संपायला आता चारच दिवस आहेत.

हा चौक कुठला, असं तुम्ही विचाराल. विचारू नका. काल सकाळी त्यांनी हात केला तेव्हा तुम्ही घड्याळाकडे बघितलंत, डावीकडून गाडी काढलीत आणि आरशात बघून मनाशी म्हणालात, काय एकेक माणसं रस्त्यात उभी असतात. निदान आरसा तरी आहे तुमच्या गाडीला.